लसणाच्या दोन ओळी

गाठ अगदी बारीक होती. बोटाच्या टोकाला लागली म्हणून कळली, नाहीतर डोळ्यांना दिसलीही नसती. बागेतल्या कोटाच्या उजव्या खिशात, तळाशी, जिथे या मंगळवारपर्यंत तिचं बोट सहज आरपार जाऊन अस्तरात उतरत असे, तिथे आता शिवण होती… घट्ट, एकसारखी, दुहेरी दोऱ्याची. आणि त्या शिवणीवर, हात घालताच लागेल असा, चार घड्या घातलेला कागद.

मागच्या दाराच्या पायरीवर ती तशीच उभी राहिली, एक पाय बुटात आणि एक बाहेर. ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. रात्रीतून गळलेली पानं ओली होऊन पायरीला चिकटली होती. पत्र तिने मंगळवारी या कोटात ठेवलं होतं, आणि ते मुद्दाम. कोपरावर चिखल वाळलेला, वरचं बटण गेलेला, फक्त शनिवार-रविवारी अंगावर चढणारा कोट – घरात याच्याइतकी दुर्लक्षित जागा दुसरी नाही, असं तिला वाटलं होतं. खिशाला भोक आहे हे ठाऊक होतं. उलट तेच बरं वाटलं होतं, कारण कागद भोकातून खाली सरकून कोटाच्या काठाशी जाऊन बसला, वरून दाबलं की कुरकुरायचा, म्हणजे हरवलाही नव्हता आणि कुणाला सापडलाही नसता… काय पण डोकं! पन्नास वर्षं ज्यांनी गावाचे फाटके खिसे शिवले त्यांच्या घरात राहून तिने पत्र लपवलं ते फाटक्या खिशात.

"उठलीस?" वाफ्यापासून आवाज आला. "ये, सुतळी धर जरा."

बाबा म्हणजे तिचे सासरे. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ होतं आणि ते कुणाचंही कमी करून सांगत नसत. शहात्तर वर्षांचे होते. दुकान बंद करून सात वर्षं झाली होती, पण मापाची टेप अजून गळ्यात असायची. वाफ्याच्या दोन टोकांना त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, मधे फळी टाकली होती, आणि फळीवर शिवणकामातल्या चपट्या निळ्या खडूने खुणा करत होते. लसणाच्या दोन पाकळ्यांमध्ये किती अंतर ठेवावं हे बाकीची दुनिया अंदाजाने ठरवते. मास्तर पावणेसहा इंच म्हणत आणि पावणेसहाच ठेवत.

तिने सुतळी धरली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं… काही नाही. नेहमीचाच चेहरा, ओठांत दोन टाचण्या धरल्यासारखा मिटलेला. म्हणजे वाचलं नसेल. खिसा शिवला, कागद हाताला लागला, तो तसाच परत ठेवला, असंही असू शकतं. पण शिवताना चष्मा लागतोच त्यांना. आणि तो चष्मा तिनेच करून दिलेला. एकोणीस वर्षं ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती. या माणसाची नजर तर तिला स्वतःच्या नजरेपेक्षा जास्त माहीत. जवळचा नंबर उजव्याला सव्वादोन, डाव्याला अडीच, डाव्यात मोतीबिंदू धरू लागलेला. त्या चष्म्यातून सुईचं नेढं दिसतं. बारीक छापील अक्षर नाही दिसत, म्हणजे दिव्याखाली धरलं तरच दिसतं. पण वरचं ठळक अक्षर? डोळ्यांच्या रुग्णालयाचं नाव, त्या शहराचं नाव, खाली तिचं स्वतःचं? आणि तळाशी वेगळी काढलेली ओळ – सोमवारपर्यंत कळवावे?

"ताण," बाबा म्हणाले. "लोंबतेय."

तिने ताणली. सांगायचं तर काय होतं, उणेपुरे सहा शब्द. बाबा, मला नोकरी लागलीय, मी जाऊ? मंगळवारपासून ती हे सहा शब्द बसमध्ये, दुकानात, भांडी घासताना म्हणून बघत होती. पहिले पाच ठीक जमत, सहाव्याला जीभ अडखळे. ज्यांची नजर जात चालली आहे त्यांना उरलेल्या नजरेवर कसं वावरायचं ते शिकवायचं काम. चहा कपात ओतताना काठ कसा ओळखायचा, जिना कसा मोजायचा, पत्र कसं वाचायचं. पंधरा वर्षं तिला हेच करायचं होतं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी कुणीतरी ये म्हणालं होतं. राहायला एक खोली मिळणार होती, पण गाडीने आठ तासांवर.

बाबा खुणांवर बोट फिरवत पुटपुटत मोजत होते. आता सांगावं… आताच, दोघांचेही हात गुंतलेले असताना, एकमेकांकडे बघायला नको असताना.

"बाबा, मला—"

"ते खुरपं दे. नाही, ते नाही, लहान."

तिने लहान खुरपं दिलं आणि टोमॅटोकडे वळली.

टोमॅटोची झाडं काळवंडली होती. काठ्यांना बांधलेल्या चिंध्या सोडायच्या, हिरवी राहिलेली फळं टोपलीत काढायची, वेल मुळासकट उपटून खताच्या खड्ड्यात टाकायचे, ही दरवर्षीची आवराआवर. चिंध्यासुद्धा या घरात साध्या नसत. प्रत्येकीचा काठ दुमडून शिवलेला. ती गाठी सोडत गेली आणि हाताला टोमॅटोच्या पाल्याचा तो उग्र, हिरवा वास चढत गेला. सहा वर्षांपूर्वी हेच दिवस होते, हाच वास हाताला होता, आणि ती आत गेली तेव्हा तिचा नवरा बॅगेची चेन लावत होता. ओढून ओढून लावत होता, आणि ती अडकली होती. तिने पुढे होऊन लावून दिली. का लावून दिली? इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर तिला सापडलेलं नव्हतं. अडकलेली वस्तू दिसली की हात पुढे जातो, एवढंच.

त्याने दुसरीकडे दुसरं घर मांडलं होतं. बाबांच्या शिवणाच्या मशीनवर तेव्हा त्याचाच शर्ट होता, निळ्या चौकटीचा, कॉलर लावायची राहिलेली. बाबांनी काही दिवस त्यावर फडकं टाकून ठेवलं. मग एका दुपारी बसून कॉलर लावली, काजं केली, बटणं लावली, इस्त्री केली, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट कात्रीने कापून त्याच्या बियांच्या पिशव्या शिवल्या. तेव्हापासून त्या चौकटीच्या पिशव्यांत घेवडा असतो. पिशव्यांवर नावं लिहायची पद्धत या घरात नाही, कापडावरून बी ओळखायचं – पट्ट्यांच्या कापडात वाटाणा, काळ्या अस्तरात कांदा, सासूबाईंच्या फुलाफुलांच्या अभ्र्यात पालक. बाहेरच्या माणसाने इथे पेरणी करायची म्हटली तर त्याची चांगलीच फजिती व्हायची. तिची होत नसे.

सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. खाट खिडकीशी लावून घेतली होती त्यांनी, आणि तिथून दोघांवर हुकूम सोडायच्या… अहो, तिकडे तण राहिलंय. अगं, एवढं पाणी कशाला, बुडवतेस का रोपांना. ती थांबली ती सासूबाईंसाठी. दीड वर्षाने त्या गेल्या, मग ती थांबली बाबांसाठी. बहिणीला तिने असंच सांगितलं, दुकानात असंच सांगितलं. 'म्हातारा माणूस, एकटा कसा टाकायचा' – हे वाक्य इतकं वापरलं की त्याची घडी बसली होती. गेल्या वर्षी बाबांना छातीत दुखलं म्हणून रुग्णालयात नेलं तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, रुग्णाशी नातं काय? खरंच काय लिहायचं होतं? ज्या दोऱ्याने हे नातं शिवलं तो दोरा तर कधीच निघून गेलेला. बाबाच स्ट्रेचरवरून ओरडले, "सून! सून लिहा. मुलगा नाहीये, पण सून आहे." कारकून बघतच राहिला. त्या दिवशी तिला हसू आलं होतं, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून ती बराच वेळ रडली होती.

वेल खड्ड्यात टाकून तिने दाताळं घेतलं आणि पानं ओढायला लागली. लसणावर पांघरायला पानं लागतात, दरवर्षी सहा-सात गोणी. कुंपणाशी काही गोणी आधीच भरून ठेवलेल्या होत्या. बाबांनी काल, ती दुकानात असताना भरल्या असणार. पण सगळ्या अर्ध्या. अर्धी भरली की तोंड बांधून टाकलेली.

"बाबा, या गोणी अर्ध्याच का बांधल्यात? किती जागा अडलीय बघा."

"असू देत. उचलायला बऱ्या."

"उचलते मीच की दरवर्षी."

बाबा गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बसले होते आणि एकेक पाकळी टोक वर करून मातीत बसवत होते, अंगठ्याने दाबत होते. तिला जरा वैताग आला. आता या सगळ्या सोडून परत भरायच्या. ती दाताळं ठेवून झारी घ्यायला छपरीत गेली, हात सवयीने वर गेला आणि रिकामाच राहिला. झारी तिथे नव्हती. झारी वीतभर खाली होती, नव्या खिळ्यावर. जुन्या खिळ्याचं भोक लांबी भरून बुजवलेलं, वर रंगसुद्धा लावलेला. तिने स्वतःशीच म्हटलं, बसवत नाही म्हाताऱ्याला स्वस्थ. खालच्या खिळ्यावरून झारी काढताना तिला हात उगाच खाली आणावा लागला.

कुंपणापलीकडे शेजारच्या ग्रंथपालबाई भोपळे आत नेत होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी वाचनालयातलं बोलणं त्यांच्या घशातून गेलं नव्हतं; काहीही असो, अगदी भोपळ्याला कीड लागल्याचंसुद्धा, त्या गुपित सांगितल्यासारखं कुजबुजत सांगत. तिने हिरव्या टोमॅटोंची टोपली कुंपणावरून पुढे केली.

"मास्तर आजारी आहेत का गं?" त्या कुजबुजल्या.

"नाही तर. का?"

"नाही, लसूण दोनच ओळी लावलाय म्हणून म्हटलं. दरवर्षी चार असतात. मी मोजते ना वरून, चहा पिताना. मला आपलं वाटलं, कुणी खाणारं कमी झालं की काय…" आणि मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून त्या टोपली घेऊन गेल्या.

ती वळली. वाफा पंधरा पावलांवर होता. दोन ओळी. फळीवरच्या निळ्या खुणा दोन ओळींपुरत्याच, खुंट्या दोन जोड्याच, आणि वाफ्याचा उरलेला निम्मा भाग खणून, सारखा करून मोकळा सोडलेला. बाबा उशी उचलून, गुडघ्यावर हात टेकून उठत होते. त्यांचं काम संपलं होतं.

दोन ओळी. अर्ध्या गोणी, म्हणजे शहात्तर वर्षांच्या माणसाला एकट्याला उचलता येतील इतक्या. खिळा वीतभर खाली, त्याच्या हाताला येईल असा, कारण झारी वर अडकवणारी ती होती, काढून देणारीही तीच… सकाळपासून डोळ्यांसमोर होतं सगळं. लोकांना अक्षरं वाचायला लावते ना मी दिवसभर, वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा. बाबांनी पत्र वाचलं होतं. दिव्याखाली धरून, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग एक शब्द न बोलता घराचं माप एका माणसासाठी पुन्हा घेतलं होतं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. ज्याची धास्ती होती ते झालं होतं, तिच्या नकळत, तिने तोंड न उघडता. सहा शब्दांची गरजच उरली नव्हती. पण पोटातून आला तो राग. चांगला सणसणीत राग. इतकं सोपं होतं का हे? मंगळवारी ठेवलेलं पत्र आणि शुक्रवारपर्यंत खिळे ठोकून, वर रंग लावून तयार? सहा वर्षं मी इथे… आणि यांना थांब म्हणायला काय झालं होतं? एकदा, नुसतं तोंडदेखलं? म्हणाले असते तर काय केलं असतंस? थांबले असते. मी थांबले असते आणि जन्मभर मनातल्या मनात त्यांच्या नावाने खडे फोडत बसले असते. हे त्यांना कळलं असेल का? कळलं असेल. कापडाला हात लावला की ते कुठे ताणणार आणि कुठे आटणार हे ज्याला कळतं त्याला एवढं कळत नसेल?

ती वाफ्यापाशी आली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"एवढाच लसूण?"

"पुरे." बाबा हाताची माती झटकत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी दुकानात येतो तुझ्याबरोबर. माझा नंबर बघून दे एकदा. वर्षभर चालेल असा दे."

"नंबर असा पुढचा देता येत नाही, बाबा. ज्या त्या दिवसाचा असतो तो."

"मग त्या दिवसाचा दे. पुढे कमी पडला तर धरीन जवळ."

"एवढी काय घाई? दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला करतो आपण."

बाबांनी तिच्या कोटाकडे पाहिलं, गळ्याशी, जिथे बटण नव्हतं.

"हेही लावणार होतो," ते म्हणाले. "पण जोडीचं सापडलं नाही माझ्या डब्यात. पितळी आहेत ना ती. तिकडे मोठी दुकानं असतील, तिकडे बघ." आणि वळून घराकडे चालू लागले, पायरीशी थांबून बूट आपटून माती काढली, "चहा ठेवतो," म्हणाले आणि आत गेले.

तिकडे. म्हणजे बोलणं झालं. एवढंच, एका बटणावरून.

ती उशीवर बसली. उशी अजून त्यांच्या गुडघ्यांनी दबलेली होती. शेजारी लसणाची परडी. लावायला म्हणून वेगळे काढून ठेवलेले सगळ्यांत मोठे गड्डे, उन्हाळाभर छपरीत टांगलेले. निम्मे तसेच उरले होते. तिने एक गड्डा फोडला. कागदासारखी साल बोटांना चिकटली. राग अजून होता, पण तो कुणावर होता ते आता नीट सांगता येत नव्हतं. म्हातारा माणूस, एकटा कसा टाकायचा… किती छान वाक्य होतं! त्याच्या आड बसून इतकी वर्षं निघाली. पण टाकलेलं कोण होतं त्या दिवशी? बॅगेची चेन लावून दिल्यावर रिकाम्या खोलीत उभं कोण होतं? त्या रात्री बाबांनी तिला काही विचारलं नव्हतं, समजूत घातली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाले होते – लसूण लावायचाय, ये, सुतळी धर. आणि ती आली होती. चार ओळी लावल्या होत्या दोघांनी. मी यांना धरून ठेवलंय असं मला वाटत राहिलं… आणि सुतळीचं दुसरं टोक यांच्या हातात होतं, हे कसं सुचलं नाही कधी?

नाक वाहायला लागलं. हाताला माती, म्हणून तिने बाहीला पुसलं. मग फोडलेल्या गड्ड्यातली एक पाकळी घेतली, टोक वर करून दुसऱ्या ओळीच्या पलीकडे, मोकळ्या जागेत बसवली. अंगठ्याने दाबली. दुसरी घेतली. टेप नव्हती, सुतळी नव्हती, खडूच्या खुणा नव्हत्या. ती अंदाजाने लावत गेली, हळूहळू सरकत. कशासाठी लावतेय हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. राहणार म्हणून? की जाताना जास्तीचं काही ठेवून जायचं म्हणून? लहान मुलांचे कपडे शिवताना बाबा आत जास्तीचं कापड दुमडून ठेवत, न विचारता. पोर वाढलं की आई येऊन म्हणायची, मास्तर, मोठा करून द्या, आणि ते नुसतं उसवायचे. पोर वाढलंच नाही तर ते कापड आतच राहायचं, त्याने कुणाचं काही बिघडत नसे. पाकळ्या मात्र लावल्या की उगवतात. उन्हाळ्याच्या आत त्या कुणीतरी काढाव्या लागतात.

ओळ संपत आली तेव्हा बाबा दोन पेले घेऊन आले. एक तिच्याजवळ फळीवर ठेवला. उपडी बादली ओढून तीवर बसले आणि तिसऱ्या ओळीकडे बघत राहिले. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मधे एके ठिकाणी अंतर नऊ इंच पडलंय."

"पडलं असेल."

तिला वाटलं, आता उठतील, टेप लावतील, पाकळ्या उकरून पुन्हा बसवायला लावतील. त्यांचा हात टेपेकडे गेलाही. त्यांनी ती गळ्यातून काढली, दोन बोटांभोवती सावकाश गुंडाळली, आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग पेला दोन्ही हातांनी धरून चहा प्यायले. पेल्याच्या वाफेने चष्मा धुरकटला. त्यांनी तो पुसला नाही.

तिने शेवटची पाकळी लावली. हात पुसायला म्हणून खिशात घातला, तर बोट सवयीने तळाशी गेलं, भोक शोधत. शिवणीला टेकलं आणि तिथेच थांबलं. पत्र होतं. आता ते कुठे निसटणार नव्हतं. काढून वाचायचं की फाडायचं की उत्तर द्यायचं, जे काय करायचं ते तिलाच करायचं होतं. म्हातारा माणूस आडोशाला राहिला नव्हता. तिला एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं. गार वाटलं, थोडी भीतीही वाटली, पण ही भीती मंगळवारची नव्हती.

"चौथी?" बाबांनी विचारलं. परडीत चार गड्डे उरले होते.

वाफ्याची कुंपणाकडची कड अजून मोकळी होती. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. गेल्या सहा वर्षांत या जागेत काय लावायचं ते तिला नेहमी आधीच ठाऊक असे.

"उद्या बघू," ती म्हणाली. आणि उद्या काय होईल ते आपल्याला खरंच माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती उशीवरून खाली सरकली. पेला हातात घेतला आणि बाबांच्या शेजारी, मातीतच, पाय पसरून बसली.